संगणकीय अडचणींचे निदान आणि दूरस्थ साहाय्य : विचारावे कसे, सांगावे कसे

पिकावरील रोगाचे निदान करणारा तज्ज्ञ लगेच औषधाचे नाव सांगत नाही. वाण कोणते, पेरणी केव्हा झाली, डाग खालच्या पानांवर आहेत की वरच्या, लक्षणे संपूर्ण शेतात आहेत की बांधालगतच, मागील फवारणी कशाची व केव्हा झाली, हे तो आधी विचारून घेतो. संगणक व जाळ्याच्या अडचणींनाही हाच क्रम लागू पडतो. तथापि निरीक्षणांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणाऱ्या संशोधन संस्थांमध्येसुद्धा संगणकाविषयीची तक्रार पुष्कळदा ‘नेट चालत नाही’ या तीन शब्दांत संपते. साहाय्य करणारी व्यक्ती दूर असेल आणि संवाद केवळ लेखी संदेशातून होत असेल, तर एवढ्या माहितीवर निदान करता येत नाही. दूरस्थ साहाय्य मागण्याची आणि देण्याची पद्धत प्रस्तुत लेखात मांडली आहे.

रायपूरची पार्श्वभूमी

छत्तीसगढची राजधानी रायपूर हे कृषी शिक्षण व संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र आहे. येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाची स्थापना १९८७ मध्ये झाली. शहराजवळील बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था असून तिचा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आला. अजैविक ताणांवर कार्य करणाऱ्या बारामती येथील संस्थेची ही भगिनी संस्था होय. या केंद्रांतील कर्मचारी, जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे आणि गावपातळीवरील सेवा केंद्रे यांच्यात आज माहितीची देवाणघेवाण प्रामुख्याने संगणक व भ्रमणध्वनीवरून होते.

धान खरेदीच्या हंगामात या व्यवस्थेचे महत्त्व विशेष जाणवते. छत्तीसगढमध्ये शेतकऱ्यांना ‘टोकन तुंहर हाथ’ या ॲपद्वारे खरेदीचे टोकन घेता येते. २०२३-२४ च्या हंगामापासून खरेदी केंद्रांवर आधारशी निगडित बोटांच्या ठशांची पडताळणीही होऊ लागली. अशा वेळी एखाद्या केंद्रातील संगणक अडला, तर भरलेली गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. म्हणूनच मागितलेले साहाय्य पहिल्या एक-दोन संदेशांतच उपयोगी पडेल अशा रीतीने मागणे आवश्यक ठरते.

दूरवरून सल्ला देण्याची परंपरा कृषी क्षेत्राला नवीन नाही. किसान कॉल सेंटरची सेवा २१ जानेवारी २००४ पासून सुरू आहे आणि १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळते. तेथेही सल्ल्याची गुणवत्ता विचारणाऱ्याने सांगितलेल्या लक्षणांवर अवलंबून असते.

प्रश्न कसा मांडावा

‘पुटी’ या प्रसिद्ध संगणक प्रणालीचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये दोष कळविण्याच्या पद्धतीविषयी एक लेख लिहिला. स्वतः काढलेला निष्कर्ष सांगण्याआधी प्रत्यक्ष काय दिसले ते सांगावे, हे त्यातील एक प्रमुख सूत्र आहे. ‘व्हायरस आला आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘संगणक सुरू केल्यावर दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो’ हे निरीक्षण झाले. निरीक्षण बरोबर असेल, तर चुकीचा निष्कर्ष दुरुस्त करता येतो.

प्रश्न विचारताना पुढील बाबी लिहाव्यात :

१. कोणते काम करावयाचे होते आणि प्रत्यक्षात काय घडले.
२. पडद्यावरील संदेश, जसाच्या तसा. तो इंग्रजीत वा हिंदीत असल्यास भाषांतर न करता उतरवावा अथवा त्याचे स्पष्ट छायाचित्र जोडावे.
३. अडचण केव्हापासून आहे आणि त्याआधी काय बदलले; उदाहरणार्थ वीज गेली, नवा राउटर जोडला, प्रणाली अद्ययावत झाली.
४. काय चालू आहे. त्याच जाळ्यावरील दुसरा संगणक वा फोन चालतो का, अन्य संकेतस्थळे उघडतात का.
५. आतापर्यंत कोणते उपाय केले आणि त्यांचा परिणाम काय झाला.

यांतील चौथी बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. निदानात मात्र तिचाच उपयोग सर्वाधिक होतो, कारण जे चालू आहे त्यावरून दोषाची जागा निश्चित होते.

एक नमुना

एखाद्या केंद्रातील जुन्या संगणकावर कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, असे समजू. ‘नेट बंद आहे, तातडीने मदत हवी’ असा संदेश गेल्यास साहाय्यक राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगेल, मग केबल तपासण्यास सांगेल आणि सकाळ निघून जाईल. तोच प्रश्न असा मांडता येईल : ‘काल रात्री वीज गेली होती. आज संगणक सुरू केल्यापासून प्रत्येक संकेतस्थळावर जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. त्याच वाय-फायवर फोन व्यवस्थित चालतो. राउटर एकदा बंद करून सुरू केला, फरक पडला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख २००९ सालची दिसते.’

फोन चालतो, म्हणजे जाळे ठीक आहे. उरतो संगणक, आणि तेथे तारीख चुकलेली आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या डिजिटल प्रमाणपत्राला वैधतेची आरंभ व अंतिम तारीख असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ साल दाखवत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अद्याप सुरूच झालेले नसते. तारीख व वेळ दुरुस्त करताच संकेतस्थळे उघडतात. वीज गेल्यावर तारीख पुन्हा मागे जात असल्यास मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी असते. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती ३ व्होल्टची, सीआर २०३२ प्रकारची असते. संगणक बंद करून व विजेची पिन काढून ती बदलता येते.

जोडणीची क्रमशः तपासणी

दोष खरोखर जाळ्यात असेल, तर जवळून दूर या क्रमाने तपासणी करावी. प्रथम राउटरचे दिवे आणि केबलची दोन्ही टोके पाहावीत. त्यानंतर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर न आल्याने संगणकाने तो स्वतःच घेतलेला आहे. केबल, वाय-फाय अथवा राउटर यांपैकी एका ठिकाणी दोष आहे. पत्ता नेहमीपेक्षा वेगळ्या मालिकेतील असेल, तर कोणी परस्पर दुसरा राउटर आणून जोडला आहे का, याची चौकशी करावी. कार्यालयांत हे वारंवार घडते.

पत्ता योग्य असल्यास ‘पिंग’ या आज्ञेने आधी राउटरला आणि मग बाहेरील एखाद्या ज्ञात पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, हाक द्यावी. राउटर उत्तर देतो पण बाहेरून उत्तर येत नाही, तर सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवावी; मात्र काही कार्यालयीन जाळ्यांत अशी हाक जाणीवपूर्वक रोखलेली असते, हे ध्यानात ठेवावे. आकडी पत्ता उत्तर देतो पण संकेतस्थळाचे नाव उघडत नाही, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेत अडचण असते. केवळ एकच संकेतस्थळ सर्वांकडे बंद असेल, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरचा असतो आणि आपल्या संगणकात बदल करीत बसणे व्यर्थ होय.

उत्तर देणाऱ्याची जबाबदारी

साहाय्यकाने एका वेळी एकच कृती सांगावी आणि तिचा परिणाम कळल्यावर पुढे जावे. पाच उपाय एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे उमगत नाही. सहज मागे घेता येणारे उपाय आधी सुचवावेत. प्रणाली नव्याने बसविणे हा अखेरचा मार्ग असून त्यापूर्वी माहितीची प्रत अन्यत्र घेतली असल्याची खात्री करावी. कित्येक हंगामांच्या प्रक्षेत्र नोंदी पुन्हा निर्माण करता येत नाहीत.

भाषेचाही विचार करावा. रायपूर परिसरात बोलणे हिंदी, छत्तीसगढी वा मराठीत आणि पडद्यावरील शब्द इंग्रजीत, अशी स्थिती सर्रास आढळते. कृती विचारणाऱ्याच्या भाषेत सांगावी. बटणाचे व मेन्यूचे नाव मात्र त्याला पडद्यावर दिसते तेच द्यावे. अडचण सुटल्यावर विचारणाऱ्याने कारण व उपाय दोन ओळींत त्याच ठिकाणी नोंदवावेत. ‘झाले, धन्यवाद’ एवढ्याच उत्तराचा पुढील व्यक्तीला काही उपयोग होत नाही.

सुरक्षिततेच्या मर्यादा

साहाय्यासाठी ओटीपी, पासवर्ड वा पिन कोणालाही देण्याची गरज नसते. छायाचित्र पाठविण्यापूर्वी आधार क्रमांक, बँक खाते व शेतकऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक झाकावेत. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून पडद्याचा ताबा देणारी ॲप बसवू नयेत. अशा ॲपच्या गैरवापरातून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल उघडू नयेत आणि पुढे पाठवू नयेत. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार पोहोचल्यास रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

निष्कर्ष

दूरस्थ साहाय्याचे यश साधनांपेक्षा निरीक्षण व नोंद यांच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते आणि ही शिस्त कृषी संशोधकांच्या अंगवळणी पडलेली आहे. प्रत्येक कार्यालयाने वर उल्लेखिलेल्या पाच बाबींचा तक्ता संगणकाजवळ लावावा आणि सुटलेल्या अडचणींची एक सामाईक नोंदवही ठेवावी. धान खरेदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संगणकाची तारीख, बॅटरी, केबल आणि माहितीची प्रत एकदा तपासून घेणे श्रेयस्कर ठरेल.