टीव्हीवरची रमाबाई, आपली ताराबाई

तायांनो, ‘उंच माझा झोका’ आठवते ना? २०१२ साली झी मराठीवर लागायची. अकराव्या वर्षी लग्न झालेली रमा नवऱ्याकडून अक्षरं शिकते आणि घरातल्याच बाया तिला टोमणे मारतात. हे मालिकेवाल्यांनी मनचं घातलेलं नाही बरं का. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं, त्यातच हे आहे. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून शंभर वर्षांनी आपल्याला पाहायला मिळालं.

आता आपल्या वऱ्हाडातली बाई पाहा. अकोल्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सगळा दोष बाईलाच का, असा रोखठोक सवाल त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ या पुस्तकात केला. पुढे ते पुस्तक लोक विसरले, १९७५ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पण लिहिताना घरी कोण काय बोललं, हे त्यात नाही. त्यांच्यावर मालिका काढायची तर निम्मं कल्पनेनंच भरावं लागेल.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की गटातल्या सगळ्यात मोठ्या आजीला विचारा, पहिल्यांदा सही केली तेव्हा घरचे काय म्हणाले? आजी आहे तोवरच विचारा. तिच्याच वऱ्हाडी बोलीत, जसंच्या तसं वहीत उतरवा. शुद्धलेखन मी तपासणार नाही.