माउस बंद पडतो, की पाहुण्याकडे जातो?



उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. बदलापूरहून लोकलने येणारा माझा एक विद्यार्थी एके दिवशी तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, लॅपटॉपवर लिनक्स चालू केले की माझा माउस आणि कीबोर्ड दोन्ही बंद पडतात." दोन्ही बिनतारी होते. मी फारसा विचार न करता म्हणालो, "जुने झाले असतील, नवा जोड घे." त्याने घेतला. दोन दिवसांनी तो परत आला. नवा जोडही तसाच वागत होता! वडिलांचे पैसे माझ्या शब्दावर खर्च झाले होते आणि प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती. तपासाआधीच निदान केले, ही चूक माझी. मग आम्ही दोघांनी प्रयोगशाळेत बसून जो तपास केला, तो आज तुम्हांला सांगतो.

यजमान आणि पाहुणा

एका संगणकात दुसरा संगणक राहू शकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्याला आभासी संगणक म्हणतात. खरा संगणक हा यजमान आणि आतला हा पाहुणा. यजमान आपल्या स्मृतीचा आणि प्रक्रियकाचा काही वाटा पाहुण्याला देतो. पाहुण्याची 'डिस्क' म्हणजे यजमानाकडची एक भलीमोठी फाइल असते. माझ्या विद्यार्थ्याचा यजमान होता विंडोज आणि पाहुणा होता सी-डॅक या संस्थेने तयार केलेला 'बॉस' लिनक्स. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून त्याने ती मोठी फाइल बाहेरून जोडायच्या डिस्कवर ठेवली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

निरोपाचे दोन टप्पे

बिनतारी माउससोबत नखाएवढा एक ग्राहक मिळतो. तो लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवायचा. माउस हलला की त्याची वार्ता रेडिओ तरंगांवरून ग्राहकाकडे जाते. बहुतेक अशा माउसची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी आवर्तने. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागा. तरंगलांबी येते सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या वितीपेक्षा बरीच कमी. हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवान्याविना खुला आहे. त्यामुळे वाय-फाय आणि ब्लूटूथही तेथेच गर्दी करतात.

तेव्हा माउसच्या निरोपाचे दोन टप्पे झाले. पहिला, माउसपासून ग्राहकापर्यंत हवेतून. दुसरा, ग्राहकापासून संगणकापर्यंत. यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी आपल्याला दिसते ते एकच : बाण हलत नाही. एका लक्षणाची दोन कारणे असू शकतात. मग कारण ओळखायचे कसे?

पहिला तपास : निरोप कोणाकडे गेला?

आम्ही लिनक्स सुरू केले आणि माउस हलवला. विंडोजचा बाण स्तब्ध राहिला. पण लिनक्सच्या चौकटीत नीट पाहिले, तर तेथला बाण हलत होता! म्हणजे हवेतला टप्पा शाबूत होता. निरोप पोचत होता, पण पाहुण्याच्या हाती पडत होता.

सेटिंगमध्ये शोधल्यावर उलगडा झाला. "माउस लिनक्सला दिला नाही, तर तो तेथे चालणार कसा?" असे समजून विद्यार्थ्याने यूएसबीच्या यादीत त्या ग्राहकावर खूण केली होती. नवा जोड आणल्यावर तीच नोंद त्याने पुन्हा केली. अशी खूण केली की पाहुणा सुरू होताच यजमान त्या उपकरणावरचा ताबा सोडतो. माउस आणि कीबोर्ड यांचा ग्राहक एकच, म्हणून दोन्ही एकदम गेले. वास्तविक याची गरजच नव्हती. उपकरण यजमानाकडेच राहिले तरी यजमान त्याच्या हालचाली पाहुण्याला कळवत असतो.

आम्ही लॅपटॉपच्या टचपॅडने ती खूण काढली. बंद पडणे थांबले. टेबलावरचा संगणक असेल, तर अशा वेळी तारेचा एक साधा माउस जवळ असावा.

दुसरा तपास : गोंगाट कोणाचा?

पण गोष्ट संपली नाही. आता बाण अडखळत चालू लागला, आणि तेही फक्त लिनक्स सुरू असताना. पुन्हा पाहुण्यालाच दोष द्यायचा का? एकदा पोळल्यामुळे मी थांबलो. लिनक्स सुरू झाले की आणखी काय सुरू होते? बाहेरची डिस्क! ती ग्राहकाच्या शेजारच्या खाचेत होती.

आम्ही लिनक्स पूर्ण बंद केले आणि विंडोजमधूनच त्या डिस्कवर एक मोठी फाइल उतरवायला घेतली. माउस तसाच अडखळला! पाहुणा निर्दोष ठरला. गुन्हेगार डिस्कच्या बाजूला होता.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. यूएसबी ३.० ही जोडणी सेकंदाला ५ अब्ज बिट पाठवते. १, ०, १, ० असे बिट ओळीने आले तर दोन बिटांचे एक आवर्तन होते, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्षात बिट मिसळलेले असल्याने ऊर्जा मोठ्या पट्ट्यात पसरते, आणि तिचा काही भाग नेमका माउसच्या २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. जोडणीतून आणि केबलमधून थोडा तरंग बाहेर गळतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये हा परिणाम मोजून प्रसिद्ध केला होता. अंबरनाथच्या फलाटावर मित्र हळू आवाजात बोलत असावा आणि पुण्याची गाडी धडधडत जावी, तसे हे आहे. मित्र गप्प झालेला नसतो. त्याचा आवाज गोंगाटात बुडतो.

उपाय सोपा निघाला. ग्राहक अर्ध्या मीटरच्या यूएसबी वाढीव तारेवर लावून माउसच्या जवळ आणला. डिस्कपासून दूर, म्हणून गोंगाट कमी. माउसजवळ, म्हणून आवाज मोठा. बाण सुरळीत चालू लागला.

तुम्हीही करून पाहा

१. पाहुणा सुरू असताना बाण अडकला, तर आधी सुटकेची कळ दाबा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती सहसा उजवी कंट्रोल असते. बाण सुटला, तर तो पाहुण्याच्या चौकटीत केवळ अडकला होता.

२. बाण सुटला नाही, पण टचपॅड चालतो आणि बिनतारी माउस पाहुण्याच्या चौकटीत चालतो, असे दिसले तर ग्राहकच पाहुण्याला दिला गेला आहे. यूएसबीची यादी तपासा.

३. बाण दोन्हीकडे अडखळत असेल, तर पाहुणा बंद करून डिस्कवर मोठी फाइल उतरवा. तरीही अडखळला, तर ग्राहक आणि डिस्क यांत अंतर ठेवा.

४. या साऱ्यानंतर बॅटरी बदला. खर्चाचा उपाय शेवटी.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा नीट पार पडली. जुना जोड अगदी धडधाकट होता. तो आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. नव्या जोडाचे पैसे मी विद्यार्थ्याला दिले. अविचाराने दिलेल्या सल्ल्याची तेवढी किंमत मला रास्तच वाटली.