समुद्रावरील खुणा

किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्यास समुद्र सर्वत्र सारखाच दिसतो. कोकणातील कोळ्याला मात्र तो तसा दिसत नाही. पाण्याखालचे मासे त्यालाही दिसत नाहीत. परंतु मासे कोठे असावेत, हे सांगणाऱ्या खुणा तो लहानपणापासून ओळखू लागतो.

पहिली खूण आकाशात असते. सुरय पक्षी उंचावरून घिरट्या घालतात आणि एकाएकी पाण्यात सूर मारतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले कुरवही त्यांच्याभोवती गोळा होतात. असे का होते बरे? तारलीसारखे लहान मासे थव्याने राहतात. सुरमईसारखा मोठा मासा पाठीस लागला, की ते जीव वाचविण्यासाठी वर येतात आणि वर पक्षी टपलेलेच असतात! म्हणून पक्षी सूर मारीत असतील, तेथे वर तारली आणि खाली सुरमई मिळण्याचा संभव असतो. डॉल्फिनही माशांच्या थव्यामागे हिंडतात.

दुसरी खूण पाण्यावर असते. वारा नसतानाही एखाद्या ठिकाणी पाऊस पडल्यासारखे पाणी शहारते आणि त्याचा रंग गडद दिसतो. खाली बांगड्यांचा थवा असल्याची ती सूचना होय. अशा वेळी रापणकर होडीतून थव्याभोवती जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात आणि किनाऱ्यावरील माणसे त्याची दोन्ही टोके ओढू लागतात. अंधाऱ्या रात्री तर माशांच्या हालचालीने पाण्यातील सूक्ष्म जीव चमकतात आणि थवाच उजळून निघतो.

तथापि, खूण म्हणजे खात्री नव्हे. पाण्यावर नुसते बसलेले पक्षी विसावा घेत असतात. कित्येकदा ते ट्रॉलरमधून फेकलेल्या मासळीसाठीच त्याच्यामागे उडतात. म्हणून अनुभवी कोळी एका खुणेवर विसंबत नाही; वारा, भरती-ओहोटी व पाण्याचा रंग यांचाही तो मेळ घालतो.

आज या कामी उपग्रहांचेही साहाय्य मिळते. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था समुद्राचा रंग व पृष्ठभागाचे तापमान यांवरून मासळीची संभाव्य ठिकाणे कळविते. पाण्याच्या रंगावरून सूक्ष्म वनस्पती कोठे विपुल आहेत, हे समजते. त्या वनस्पतींवर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे व पक्षी जगतात. कोळी या साखळीचे वरचे टोक पाहतो, उपग्रह खालचे पाहतो. साखळी एकच आहे.

मासे कोठे आहेत, हे खुणा सांगतात. किती धरावेत, हे माणसानेच ठरवावयाचे असते. पिलेही जाळ्यात ओढली, तर पुढील वर्षी थवा कोठून येणार? पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालतात; म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. समुद्राची भाषा ज्याला कळते, त्याने समुद्राची मर्यादाही ओळखली पाहिजे.

स्वाध्याय
१. तारली पाण्याच्या पृष्ठभागाकडे का येतात?
२. ‘खूण म्हणजे खात्री नव्हे’, हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. कोळ्याची नजर आणि उपग्रह यांतील साम्य व भेद सांगा.