पत्रलेखन : धाकट्या बहिणीला खो-खोच्या सरावासाठी प्रोत्साहन देणारे पत्र



आज आपण कौटुंबिक पत्राचा नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेणार आहोत. प्रश्न साधारण असा असतो : 'तुमची धाकटी बहीण खेळाच्या सरावाला जायला टाळाटाळ करते. तिला नियमित सराव करण्यासाठी प्रवृत्त करणारे पत्र लिहा.' बहिणीच्या जागी कधी भाऊ असतो, खो-खोच्या जागी कधी क्रिकेट किंवा धावणे असते.

प्रश्न सोपा वाटतो म्हणून मुलं तो आधी सोडवतात आणि तिथंच गडबड होते. सहावी-सातवीच्या वह्या तपासताना मला जवळजवळ प्रत्येक वहीत एकच पत्र सापडतं. पहिल्या ओळीत 'खेळाने शरीर निरोगी राहते', मग सचिन तेंडुलकरचं उदाहरण, मग 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे', आणि शेवटी 'तरी तू रोज सराव करशील अशी आशा आहे'. वाक्यं शुद्ध असतात, मांडणी बरोबर असते. पण हे पत्र कोणत्याही बहिणीला, कोणत्याही खेळाबद्दल पाठवता येईल. बहिणीच्या जागी काकांचं नाव घातलं तरी फारसं बिघडणार नाही! खेळाचं महत्त्व सांगायचं असेल तर तो निबंध झाला. पत्र हे एका माणसाने एका माणसाला लिहिलेलं असतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून हक्काने सांगते. 2009 साली मी डी.एड.साठी सोलापूरला हॉस्टेलवर होते. घर तुळजापूर तालुक्यात. धाकटी बहीण सातवीत होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात खेळायची. सप्टेंबरमध्ये कळलं की तिने मैदानावर जाणंच बंद केलंय. घरी वडिलांचा एक मोबाईल होता, पण त्यावर बोलायचं म्हणजे सगळं घर शेजारी उभं. म्हणून मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि कडेपर्यंत भरून लिहिलं. जिद्द, चिकाटी, यश, अपयश, सगळं त्यात होतं. उत्तर आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर विचारलं, "माझं पत्र मिळालं नाही का गं?" ती म्हणाली, "मिळालं की. पण ताई, ते पुस्तकातल्या धड्यासारखं होतं."

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. तालुक्याच्या सामन्यात तिचा संघ आक्रमण करत होता. ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ जणी एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेल्या असतात आणि नववी पळणाऱ्या मुलींचा पाठलाग करते. तिने मागून स्पर्श करून 'खो' म्हटलं की बसलेलीने उठून पळायचं. पण एकदा एका खांबाच्या दिशेने धाव घेतली की तो खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. माझी बहीण घाईत उठली आणि चुकीच्या खांबाकडे धावली. पळणारी मुलगी होती दुसऱ्या बाजूला. चूक लक्षात येऊन ती वळली, तर पंचांची शिट्टी वाजली. सामना एका गुणाने गेला. परतताना टेम्पोत कोणीतरी म्हणालं, "हिच्यामुळे हरलो." बास. दुसऱ्या दिवसापासून ही मैदानावर गेली नाही. घरचे सगळे म्हणत होते, पोरगी आळशी झाली.

सुट्टी संपल्यावर मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात उपदेश नव्हता, एकच काम होतं. रोज संध्याकाळी अंगणात बैठक घेऊन बसायचं, शेजारच्या मुलाला मागून खो द्यायला सांगायचं आणि समोर पळणाऱ्या चुलत भावावर नजर ठेवून मगच उठायचं. असं 20 वेळा. आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं : "आज 17 वेळा बरोबर, 3 वेळा चुकले. तो नीट खो देत नाही." पुढच्या वर्षी ती परत संघात होती. राष्ट्रीय वगैरे काही खेळली नाही, पण दहावीपर्यंत खेळली.

तर मुलांनो, लिहायला बसण्याआधी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच लिहून बघा : ती सराव का टाळते? कारण नेमकं हवं. 'आळस' हे उत्तर शक्यतो लिहू नका, आळसाच्या मागे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. हरल्याची लाज, लागण्याची भीती, फाटलेले बूट, कोणीतरी हसलेलं असणं. परीक्षेत कारण तुम्हालाच कल्पनेने ठरवायचं आहे. ते एकदा ठरलं की निम्मं पत्र तयार झालं.

आता मांडणीचं थोडक्यात. कौटुंबिक पत्रात 'विषय' लिहायचा नसतो. आधी दिनांक, मग मायना. लहान भावंडाला 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहितात. दरवर्षी दोन-तीन मुलं धाकट्या बहिणीला 'शिरसाष्टांग नमस्कार' घालतात आणि शेवटी 'तुझा आज्ञाधारक' असं लिहितात, तेवढं टाळा! पत्ता उजवीकडे की डावीकडे हे तुमच्या वर्गशिक्षकांनी सांगितलं असेल तसंच करा. परीक्षेत स्वतःचं खरं नाव लिहायचं नाही, अ. ब. क. लिहायचं.

खेळाची माहितीही थोडी हवी, पण ती खरी हवी. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झाला. भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध होते. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. आमच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. ही नावं पाठ करा, मात्र पत्रात एखादंच वापरा. चार नावं घातली की परत निबंध सुरू होतो.

नमुना पत्र

दिनांक : 3 ऑगस्ट 2025

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल आईशी फोनवर बोलणे झाले. गेले आठ दिवस तू सकाळच्या सरावाला गेली नाहीस असे ती म्हणाली. तुला रागवायला मी हे पत्र लिहीत नाही. पाऊस आहे, मैदानात चिखल आहे, हे मला कळते. पण गेल्या वर्षी याच चिखलात तू सहा वाजता पळायचीस आणि बूट वाळले नाहीत म्हणून आईशी भांडायचीस. मग यंदा काय झाले?

मला एक अंदाज आहे. मागच्या महिन्यात घरी आलो होतो तेव्हा मी तुमचा सराव सामना बघायला आलो होतो. तू पळतीच्या पहिल्या तुकडीत होतीस आणि लगेच बाद झालीस. नंतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलीस, तेही मी पाहिले. तेव्हा तुझ्याशी बोलायला हवे होते. बोललो नाही, हे माझे चुकले.

चिऊ, तुझे पाय कमी पडले नाहीत. वर्गात तुझ्याइतके वेगाने कोणी पळत नाही. पण तू सारखी मागे पाठलाग करणारीकडे बघत होतीस, त्यामुळे पुढे बसलेल्या मुलीला कधी खो मिळाला ते तुला दिसलेच नाही. नजरेची ही सवय मैदानावरच सुधारते.

एक काम करशील? उद्यापासून पंधरा दिवस सरावाला जा. रोज किती सेकंद टिकलीस ते मैत्रिणीला मोजायला सांग आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिही. दुसऱ्या कोणाची वेळ लिहायची नाही, फक्त तुझी. एखाद्या दिवशी आकडा कमी आला तरी खोडायचा नाही. गणपतीला मी घरी येईन तेव्हा ते पान मला दाखव.

जानेवारीत आपण विश्वचषकाचा अंतिम सामना टीव्हीवर पाहिला, तेव्हा प्रियांका इंगळेचा संघ जिंकल्यावर तू पलंगावर उड्या मारल्या होत्यास. तुला हा खेळ आवडतो हे मला माहीत आहे.

आणखी एक, हे आईला सांगू नकोस. मी आठवीत कबड्डी सोडली तेव्हा गुडघा दुखतो असे सगळ्यांना सांगितले होते. खरे तर मला पकडीची भीती वाटत होती. मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आता वसतिगृहाची मुले संध्याकाळी कबड्डी खेळतात तेव्हा मी कडेला उभा राहून गुण मोजतो.

पंधरा दिवसांनंतरही तुला खेळ सोडावासा वाटला, तर सोड. आई-बाबांना मी समजावीन.

आई-बाबांना नमस्कार सांग. पत्राचे उत्तर पाठव, आकड्यांसह!

तुझा दादा,
अ. ब. क.
मुलांचे वसतिगृह, सोलापूर

पत्र परत एकदा वाचा आणि बघा, 'सराव कर' असा हुकूम त्यात कुठेच नाही. दादाने पाहिलेली एक गोष्ट आहे, त्याने मागितलेलं एक छोटं काम आहे आणि त्यासाठी ठरवलेला दिवस आहे. शेजारच्या मुलीशी तुलना नाही. 'ती बघ कशी रोज जाते' या वाक्याने आजवर कोणाचं धाकटं भावंडं उठून मैदानावर गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

'सोडावासा वाटला, तर सोड' या वाक्यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला. एका सरांचं म्हणणं, प्रोत्साहनपर पत्रात असं लिहिलं तर गुण कापले जातील. मी ते वाक्य ठेवलंय. धाकट्यांना दार उघडं दिसलं की ते जरा थांबून विचार करतात, बंद दिसलं की धडका मारतात. तुम्हाला परीक्षेत धोका नको असेल तर ते वाक्य गाळा, पत्र तरीही पूर्ण राहील.

भाषेबद्दल एकच सांगते. खेळाचे शब्द वापरा : बैठक, तुकडी, पळती, आक्रमण, हुलकावणी, खांब, सूर मारणे. असे दोन-तीन शब्द योग्य जागी आले की लिहिणाऱ्याला खेळ माहीत आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. माहीत नसलेला शब्द मात्र ओढूनताणून आणू नका.

स्वाध्याय

तुमचा धाकटा भाऊ उन्हाळ्यात मामाच्या विहिरीवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होता. एकदा नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून तो विहिरीकडे फिरकत नाही. त्याला पुन्हा पोहायला शिकण्यासाठी प्रवृत्त करणारे पत्र 12 ते 15 ओळींत लिहा. लिहिण्याआधी ठरवा : त्या दिवशी काठावर कोण होतं आणि ते काय बोललं? पहिल्या दिवशी त्याने पाण्यात किती पायऱ्या उतरायचं, हेही पत्रात यायला हवं. पत्र लिहून झालं की घरातल्या धाकट्या भावंडाला मोठ्याने वाचून दाखवा आणि कुठल्या ओळीला ते कंटाळतं तिथं पेन्सिलीने खूण करा.