विमानाचे अंतर आणि राधानगरीचा रस्ता

दोन शहरांमधले विमान अंतर म्हणजे त्यांच्या विमानतळांना पृथ्वीच्या पाठीवरून जोडणारी सर्वांत आखूड रेषा. मुंबई ते लंडन ती सुमारे 7,200 किलोमीटर भरते, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ती सापडत नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणावा. अरबस्तान, भूमध्य समुद्र सोडून तो वर सरकतो, नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने जाऊन ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी उतरतो.

आकड्यापुढचे एकक आधी वाचावे. लंडनचे तेच अंतर मैलांत साधारण 4,475 होते, तर वैमानिक मोजतात त्या सागरी मैलांत 3,890.

प्रत्यक्षात विमान या रेषेला चिकटून उडत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांचा फेरा वाढला. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. ताशी 900 किलोमीटरने भागाकार केला की लंडन आठ तासांवर दिसते. विमानात बसावे लागते साडेनऊ-दहा तास.

खरी चूक मात्र जमिनीवर होते. प्रस्तुत लेखकाची 2019 च्या ऑगस्टमध्ये झाली. राधानगरी ते कोल्हापूर सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास, एसटीने 50 हून जास्त. पुढे मुंबईचा रस्ता पावणेचारशेच्या घरात. विमानाचे आठ तास, रस्त्याचे दहा, असा हिशेब मांडून घर सोडायला आदला दिवस पुरेसा मानला होता. त्या आठवड्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगा फुगली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. कांदा-लसूण चटणीचा डबा घालून बांधलेली बॅग सोप्यात तशीच राहिली. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून मोठी हानी अशी, की लंडनमधल्या लेकीच्या बाळंतपणाला आई वेळेवर पोहोचली नाही.

म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडच्या माणसाने मुंबई किमान दोन दिवस आधी गाठावी. फोंडा घाटाने कोकणात उतरून गोव्याचा मोपा विमानतळ गाठता येतो, पण पावसाळ्यात दरड कोसळली तर घाटही अडतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबई हवेतून 310 किलोमीटरच आहे, तासाभराचा प्रवास. तो घ्यायचा तर पुढच्या विमानासह एकाच तिकिटावर घ्यावा. पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटे असतील तर दुसरे बहुधा बुडते.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. लंडन भारताच्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तारीखही नीट पाहावी: 12 तारखेच्या रात्री दीडचे विमान म्हणजे 11 तारखेची रात्र उलटल्यावरचे. त्यासाठी विमानतळावर 11 तारखेच्या रात्री दहालाच हजर व्हावे लागते, आणि राधानगरी पावसाळ्यात 9 तारखेला सोडावी लागते.