अंबर : एका अरबी नावाची कुळकथा

निजामशाहीच्या इतिहासाचे प्रकरण उघडले की मलिक अंबर हे नाव आपल्या सर्वांच्या वाचनात येते. पन्हाळ्याच्या वेढ्यामुळे सिद्दी जौहर हे नाव तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु ही नावे कोणत्या भाषेतील, त्यांचा अर्थ काय आणि ती कोणी ठेवली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. अंबर म्हणजे आकाश, म्हणून मलिक अंबर म्हणजे ‘आकाशाचा स्वामी’, असा अर्थ सांगणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. अर्थ सुंदर आहे, पण खरा नाही. या नावाचा खरा अर्थ पाहू लागलो की आपण आकाशातून थेट समुद्रकिनाऱ्यावर आणि तेथून गुलामांच्या बाजारात जाऊन पोहोचतो. तोच प्रवास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचे मी योजिले आहे.

दोन निराळे शब्द

संस्कृतातील ‘अंबर’ म्हणजे वस्त्र आणि आकाश. पीतांबर, श्वेतांबर, दिगंबर या शब्दांत तोच आहे. अरबीतील ‘अंबर’ हा सर्वस्वी वेगळा शब्द. त्याचा आरंभ ‘ऐन’ या खास सेमिटिक वर्णाने होतो. हा वर्ण घशातून उच्चारला जातो आणि देवनागरीत त्याला चिन्ह नाही. म्हणून आपण नुसता ‘अ’ लिहितो आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागतात.

अरबी लिपीत हा शब्द ‘अन्बर’ असा लिहितात, पण उच्चारतात ‘अम्बर’. ‘ब’पूर्वीचा ‘न’ हा ‘म’ होतो. कुराणपठणाच्या शास्त्रात या नियमाला ‘इक्लाब’ म्हणतात. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. आपणही अनुस्वार देऊन ‘अंबर’ लिहितो आणि ‘ब’च्या शेजारामुळे त्याचा उच्चार ‘म्’ करतो. दोन भिन्न भाषाकुळांनी एकच ध्वनिनियम पाळावा, ही गोष्ट मला तरी मौजेची वाटते.

येथे आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. ‘धान्याचे अंबार’ यातील अंबार हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ कोठार. इराकमधील अन्बार प्रांताचे नाव त्याच शब्दावरून आले. आपल्या अंबरशी त्याचे काही नाते नाही.

समुद्राने दिलेला सुगंध

अरबी अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या आतड्यात ते तयार होते. हा प्राणी माकूळ खातो. माकुळाच्या चोचीचे टणक भाग पचत नाहीत. त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साठत जातो. तो बाहेर पडतो तेव्हा त्याला दुर्गंधी असते. पण वर्षानुवर्षे समुद्रावर तरंगत, ऊन आणि खारे पाणी सोशीत तो करडा होतो आणि त्याला अतिशय टिकाऊ असा मंद सुगंध येतो. अत्तराच्या व्यवसायात त्याची किंमत मोठी. अत्तरवाल्याकडील ‘शमामतुल अंबर’ या अत्तराच्या नावात हाच शब्द आहे. इंग्रजी ‘अँबर’ हा शब्दही याच अरबी शब्दापासून युरोपात गेला आणि पुढे राळेच्या पिवळ्या खड्याला चिकटला. वृत्तपत्रांत ‘व्हेल माशाची उलटी’ जप्त केल्याच्या बातम्या येतात, ती वस्तू हीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशात तिचा व्यापार हा गुन्हा आहे.

अरबीत त्या देवमाशालाही अंबरच म्हणत. पैगंबरांचे अनुयायी अबू उबैदा यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ३०० माणसे मोहिमेवर असताना त्यांचे अन्न संपले, तेव्हा किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका प्रचंड ‘अंबर’ माशावर त्यांनी दिवस काढले, अशी कथा हदीसच्या प्रमाणग्रंथांत आहे.

माणसाचे नाव म्हणून अंबर अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून आढळते. तमीम या मोठ्या टोळीची एक शाखा ‘बनू अल्-अंबर’, म्हणजे अंबरचे वंशज, या नावाने ओळखली जाई. तेव्हा हे मुळात स्वतंत्र माणसाचेच नाव. त्याला दुसरा, दुःखाचा इतिहास जोडला गेला तो पुढे.

गुलामांची गोड नावे

मध्ययुगीन इस्लामी जगात गुलामांना रत्नांची, फुलांची आणि सुगंधी द्रव्यांची नावे देण्याची प्रथा होती. याकूत म्हणजे माणिक, लुलू म्हणजे मोती, रैहान म्हणजे सब्जासारखी सुगंधी वनस्पती, काफूर म्हणजे आपला कापूर. जौहर म्हणजे रत्न. आपले ‘जवाहीर’ हे त्याचेच अरबी अनेकवचन. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दीचे नाव असे मूल्यवान होते! देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर आणि रझिया सुलतानाच्या काळातील हबशी सरदार जमालुद्दीन याकूत ही याच परंपरेतील नावे. कैरो शहराचा पाया ९६९ साली घालणारा सेनापती जौहर हाही मूळचा गुलाम. इजिप्तवर राज्य केलेला कृष्णवर्णी काफूर ९६८ साली वारला. काळ्या माणसाला पांढऱ्या कापराचे नाव देण्यातील थट्टा कोणाच्याही ध्यानात येईल.

यासंबंधी जुन्या अरबी ग्रंथांत एक मार्मिक आख्यायिका आहे. तुम्ही मुलांना कुत्रा, लांडगा अशी नावे ठेवता आणि गुलामांना मात्र चांगली नावे देता, असे का? या प्रश्नावर एका अरबाने उत्तर दिले, की मुलांची नावे आम्ही शत्रूंसाठी ठेवतो आणि गुलामांची स्वतःसाठी. म्हणजे गुलामाचे नाव गोड, कारण ते हाक मारणाऱ्याच्या जिभेसाठी असते. ज्याला हाक मारायची त्याच्यासाठी नव्हे.

चापू ते मलिक अंबर

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की मोखा बंदरात तो ८० गिल्डरला विकला गेला होता. बगदादमध्ये मीर कासिम या मालकाने त्याला शिकविले, मुसलमान केले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही मूळचा हबशी गुलामच होता.

यानंतरचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर याच माणसाने निजामशाही पुन्हा उभी केली. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तेच पुढे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील नहर-ए-अंबरी, जमीनमहसुलाची व्यवस्था आणि १६२४ ची भातवडीची लढाई यांनी त्याचे नाव राहिले. बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख शिव्या घातल्याखेरीज करीत नाही. अबुल हसनने रंगविलेल्या एका चित्रात तर जहांगीर अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात तसे कधीच घडले नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर नैसर्गिक मृत्यूने गेला.

‘मलिक’ ही पदवी कोणत्या धातूची, हेही पाहावे. अरबीत म-ल-क या तीन वर्णांपासून ‘मम्लूक’ म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, ‘मालिक’ म्हणजे धनी (आपला ‘मालक’), आणि ‘मलिक’ म्हणजे राजा किंवा सरदार हे शब्द होतात. आपला ‘मुलूख’ही त्यांचाच भाऊबंद. मम्लूक म्हणून आलेला, अनेक मालकांच्या हाताखालून गेलेला एक पोरका मुलगा मलिक झाला. एका धातूची तीन रूपे म्हणजे त्याचे सबंध चरित्र!

मूळचा ग्रीक असलेला याकूत हा गुलाम मोठा भूगोलकार झाला, तेव्हा तो स्वतःला ‘याकूब’ म्हणवू लागला, असे चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो. गुलामीची खूण असलेले नाव त्याला नको होते. अंबरने तसे केले नाही. सत्ता हाती आल्यावरही मालकाने दिलेलेच नाव त्याने चालविले.

आजची स्थिती

आज अरब देशांत मुलाचे नाव अंबर ठेवलेले क्वचितच आढळते. आपल्याकडे उर्दू भाषिकांत ‘अंबरीन’, म्हणजे अंबरासारखी सुगंधी, हे त्याचे फारसी रूप मुलींसाठी वापरतात. मराठी घरातील ‘अंबर’ मात्र संस्कृतातला, आकाशाचा. दोन्ही शब्द आपल्या भाषेत शेजारी राहावेत, याला हरकत कसली? फक्त एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादू नये. मलिक अंबरला ‘आकाशाचा स्वामी’ म्हटल्याने त्याचा गौरव होत नाही. उलट त्याच्या नावातला बाजार, समुद्र आणि पोरकेपण पुसले जाते. इतिहासात आणखी कितीतरी याकूत, रैहान आणि काफूर आपल्याला भेटतील. त्यांचे सुगंधी नाव वाचताना त्याच्या आड एखादा चापू आहे का, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली तरी पुष्कळ झाले.