'हेरल्ड'चा जन्म

मुलांनो, आई-बाबा वाचतात तो 'न्यूझीलंड हेरल्ड' १३ नोव्हेंबर १८६३ रोजी ऑकलंडला सुरू झाला. संस्थापक विल्यम विल्सन. आधी ते जॉन विल्यमसन यांच्याबरोबर 'न्यूझीलंडर' हे पत्र चालवत. पण वायकाटोत माओरींविरुद्ध युद्ध पेटले. विल्यमसन यांचा युद्धाला विरोध, तर विल्सन यांचा पाठिंबा! भागीदारी तुटली. (शहर वाढत होते, तेव्हा धंद्याचे गणितही होतेच.)

माओरींची बाजू आम्हांला सापडते ती १८६२ मध्ये निघालेल्या 'ते होकिओई' या माओरी पत्रात. त्याचे छपाईयंत्र कुठले, ठाऊक आहे? थेट ऑस्ट्रियाहून भेट आलेले!

पुढच्या वर्गाला येताना घरच्या वर्तमानपत्रातली एक बातमी मराठीत सांगायची तयारी करा. तिच्यात कोणाची बाजू आलेली नाही, तेही आई-बाबांबरोबर शोधा.